नाचाच्या बाईंचा वूफर

१

नाचाच्या बाई सकाळी साडेनऊला गाडी घेऊन आल्या तेव्हा मिस्तरी दुकानाच्या पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवत होते, आणि नेहमीप्रमाणे अर्धं बिस्किट चहातच राहिलं होतं. बाईंनी गाडी थेट दुकानाच्या तोंडाशी आणली, काच खाली केली आणि कसे आहात, काय आहात याच्या फंदात न पडता म्हणाल्या, "काका, वूफर गेला."

"कधी गेला?"

"काल तालमीत. आधी घरघरला, मग फरफरला, मग गप्पच."

"बरं. रडायचं नंतर बघू, आधी नाडी तर बघू द्या."

बाई हसल्या, पण ओठांपुरत्याच. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर त्यांच्या वर्गातल्या चाळीस मुलांचा वर्षाचा कार्यक्रम होता. सहा-सात वर्षांची मुलं. त्यांना गाण्याचे शब्द पाठ नव्हते की सूर कळत नव्हता, पण डिकीतल्या वूफरचा ठोका पोटात बसला की चाळीस डावे पाय एकदम पुढे यायचे. ठोका नसला तर प्रत्येक जण आपापल्या आईकडे बघत उभा राहणार होता.

"चार वाजता न्यायला या," मिस्तरी म्हणाले. "तोवर तुम्ही मुलांच्या झिरमिळ्या शिवा."

बाई रिक्षाने गेल्या. मिस्तरींनी चहातलं बिस्किट चमच्याने काढून खाल्लं आणि कामाला लागले.

गाडीतल्या आवाजाचं काम ते तीस वर्षं करत होते. त्या भागात कुणाच्याही गाडीत काही खरखरलं की लोक म्हणायचे, मिस्तरींचा कान लावून घ्या. मीटर नंतर, कान आधी. पण एक गोष्ट त्या लोकांना ठाऊक नव्हती. मिस्तरींचा डावा कान वर्षभरापासून ठार बंद होता. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं की नस गेलेली आहे, ती परत यायची नाही. मिस्तरींनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "मळ होता. काढला."

बायकोला सगळे वहिनी म्हणत. दुकान दोघांचं होतं आणि वहिनींचा नियम जुना होता. पलीकडच्या, गाड्यांचे पोचे काढणाऱ्या डेंटरला मागून मारलेली हाक ऐकू आली नाही आणि त्याचा पाय गाडीखाली आला, त्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, "अहो, तुमचे कान गेले की शटर खाली. त्यात चर्चा नाही." वहिनी चर्चा नाही म्हणाल्या की ती खरोखरच होत नसे. शटर खाली म्हणजे दिवसभर घरात बसायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, आणि ते मिस्तरींना मुळीच नको होतं. म्हणून वर्षभर ते उजव्या कानावर संसार आणि दुकान दोन्ही रेटत होते.

२

डिकी उघडून त्यांनी पाहिलं आणि बसवणाऱ्या माणसाचा मनसोक्त उद्धार केला. अॅम्प्लिफायर थेट वूफरच्या पेटीच्या पाठीवर ठोकलेला होता. वूफर धडधडला की पेटी धडधडणार, पेटी धडधडली की अॅम्प्लिफायर थरथरणार आणि त्याचे स्क्रू एकेक करून पळ काढणार. चारपैकी दोन स्क्रू डिकीच्या सतरंजीत सापडले.

"याला इथून हलवायला हवं," ते वहिनींना म्हणाले. "मागच्या सीटच्या पाठीला फळी मारू, तिच्यावर बसवू. म्हणजे बॅटरीपासून नवी तारही आली."

"आणि वूफर?" वहिनी तारेचं भेंडोळं काढत होत्या.

"बघतो."

पेटी उचलून त्यांनी दुकानातल्या बाकावर ठेवली. तोंडाशी मोठा काळा वूफर, बाकी सगळी बंद लाकडी पेटी. अशा वेळी मिस्तरींची एक पद्धत होती. दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कागदी पडद्यावर समान टेकवायची, पडदा हळूच आत दाबायचा, सोडायचा, आणि कान अगदी जवळ नेऊन ऐकायचं. आतली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, घासत असेल तर बारीक वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. त्यावरून वूफर वाचेल की नाही हे ते सांगत.

तीस वर्षं यासाठी ते डावा कान लावत आले होते. वर्षभरापासून आठवणीने उजवा लावत. त्या दिवशी फळीच्या मापाचा विचार करता करता सवयीने डावाच लावला गेला.

आणि त्यांना ऐकू आलं.

कॉइल घासत नव्हती. पडदा आत जाताना मऊ श्वास सुटल्यासारखा आवाज होत होता आणि एका बाजूला एक बारीक तार टकटक आपटत होती. तुटलेली तार, सोपं काम. हे सगळं त्यांच्या लक्षात आल्यावर मग लक्षात आलं की कान कोणता आहे.

३

मिस्तरी सरळ उभे राहिले. डावीकडे पुन्हा सामसूम झाली. वाकले, कान पेटीजवळ नेला. भिंतीवरचं घड्याळ, वहिनींच्या चपला, रस्त्यावर सायकलची साखळी, सगळं जागच्या जागी, लख्ख.

माणूस शहाणा होता. लगेच आनंदाने नाचू लागला नाही. लाकडातून आवाज कवटीत जातो, कवटीतून दुसऱ्या कानात जातो, असं डॉक्टर म्हणाले होते, तसलंच काही असणार. म्हणून त्यांनी उजव्या कानात बोट खुपसलं. ऐकू येतच राहिलं. मग पेटीला अजिबात न टेकता कान वीतभर लांब धरला. तरीही येतच राहिलं. दोन वीत. तिथेही. हातभर लांब गेलं की मात्र आवाज तुटायचा.

"मान अवघडली का?" वहिनींनी विचारलं. त्या उजवीकडून येत होत्या.

"नाही, जरा ऐकतोय."

"एवढं काय ऐकताय?"

"काय नाही ते विचार," मिस्तरी म्हणाले, आणि त्यांना अचानक इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीला पुसले आणि वूफरचे स्क्रू काढायला घेतले.

काम खरं तर अर्ध्या तासाचं होतं. पडद्यापासून निघणारी विणलेली बारीक तार टोकाशी तुटली होती. नवी तार लावली, सोल्डर केलं, वर चिकट द्रवाचा थेंब टाकून वूफर वाळायला ठेवला. पण मिस्तरी मध्येच थांबायचे आणि उघड्या पेटीच्या गोल भोकाशी डावा कान नेऊन उभे राहायचे. आत आवाज दबवायला कापूस भरलेला होता, जुना, करडा. भोकाजवळ तर आणखी स्पष्ट ऐकू येत होतं. लहानपणी पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून ते असंच स्वतःशी हसत असत. आताही हसत होते, आणि आपण साठीला आलो आहोत हे साफ विसरले होते.

एकच गोष्ट त्यांना जरा खटकली. त्या ऐकण्यात त्यांचा स्वतःचा आवाज नव्हता. ते खाकरले, शीळ घातली, टेबलावर टिचकी मारली. ते सगळं उजवीकडे वाजलं. डावीकडे तेवढ्यापुरती शांतता व्हायची. समोर बसलेलं माणूस आपलं बोलणं ऐकायला गप्प होतं, तशी शांतता.

चिकट द्रवाच्या वासाने डोकं जड होतं कधीकधी, असं स्वतःला सांगून त्यांनी खिडकी उघडली.

४

दुपारी बॅटरीपासून डिकीपर्यंत तार ओढायची होती. हे काम दोघांचं. वहिनी अंगाने बारीक, त्यामुळे त्या टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरायच्या आणि बॉनेटमधून आलेली तार गालिच्याखाली सरकवायच्या. मिस्तरी डिकीत गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि दुसऱ्या टोकाने खेचायचे. फळीची जागा नक्की व्हावी म्हणून त्यांनी रिकामी पेटीही डिकीत डावीकडे आणून ठेवली. खरं कारण तेवढंच नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

मागच्या सीटच्या पाठीतून त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. पण डावा कान पेटीच्या भोकाशी होता आणि वहिनींचा आवाज इतका जवळून आला की ते दचकले.

"सोडू का?"

"सोड."

तार सरसरत आली.

"बस्स?"

"अजून हातभर. हां, आता थांब. कुठेतरी अडकली वाटतं."

"खुर्चीच्या पायाला अडकली असेल. जरा वर उचलून ओढा."

त्यांनी वर उचलून ओढलं आणि तार सुटली. गेले काही महिने या कामात दोघांची बोलाचाल जवळजवळ बंद झाली होती, कारण डिकीतून मिस्तरींना काही ऐकूच येत नसे. आज जुने दिवस परत आले होते. त्यांना गप्पा माराव्याशा वाटल्या.

"आज आवाज छान येतोय तुझा," ते म्हणाले.

"पूर्वी यायचा तसा?"

मिस्तरींचा हात तारेवर थबकला. हिला कळलं की काय, असं वाटून ते घाईघाईने म्हणाले, "पूर्वीही यायचा, आताही येतो. न यायला काय झालं?"

डावीकडे हलकंसं हसू ऐकू आलं. वहिनी एरवी हसायच्या तेव्हा आधी नाकातून हवा सोडायच्या. हे हसू थेट सुरू झालं आणि थेट संपलं.

"अहो," आवाज आला, "ही पेटी आपल्याकडेच ठेवून घ्या ना."

"आँ?"

"बाईंना आपली जुनी द्या. माळ्यावर आहे ती. तेवढ्याच मापाची. मुलांना काय कळतंय?"

खरं म्हणजे तासाभरापूर्वी हाच विचार मिस्तरींच्या मनात येऊन गेला होता. माळ्यावरची पेटी चांगली होती, बाईंचं काम अडलं नसतं. आणि ही पेटी दुकानात बाकाखाली राहिली असती. तिच्या शेजारी स्टूल टाकून बसलं की दोन्ही कान शाबूत. शटर वर. पण तो विचार त्यांनी कुणालाही बोलून दाखवला नव्हता.

ते डिकीतून बाहेर वाकले आणि गाडीच्या बाजूने पुढे पाहिलं. पुढच्या दारातून वहिनींचे दोन पाय बाहेर आले होते, एक चप्पल पायात, एक खाली. तिथून डिकीपर्यंत सगळी गाडी मध्ये होती.

"ठेवून घ्या," आवाज म्हणाला. तो पायांच्या दिशेने आला नाही. तो खांद्याशी आला, भोकातून.

५

मिस्तरी हळूहळू पुन्हा आत बसले. भीती वाटते आहे असं त्यांनी मनात स्पष्ट म्हटलं, म्हणजे ती जरा आटोक्यात येईल. मग रिवाजाप्रमाणे कारणं शोधायला घेतली. पेटी बंद लाकडाची आहे, आवाज घुमतो. सकाळपासून तीन चहा झाले, पोटात जेवण नाही. बायकोला नवऱ्याच्या मनातलं कळतं, त्यात नवल काय. कारणं एकेक करून बरोबर होती. सगळी मिळून काही जमत नव्हती.

ज्या गोष्टीचा आवाज कळत नाही तिच्या आत हात घालून बघायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं शिक्षण होतं. त्यांनी खिशातला छोटा दिवा लावला, दोन बोटांनी भोकातला करडा कापूस बाजूला केला आणि पाहिलं.

मागच्या लाकडाला टेकून नव्हे, कापसातच, भोकाकडे वळलेला एक कान होता. डावा. म्हाताऱ्या माणसाचा, पाळी जरा लोंबलेली, वर पांढरे केस. त्या कानामागे पेन्सिलीचा एक तुकडा खोचलेला होता. कुणीतरी आत बसून, मन लावून, त्यांचं ऐकत होतं.

कापूस आपोआप जागेवर आला, किंवा त्यांच्या बोटांतून सुटला.

मिस्तरींनी आधी आपल्या डाव्या कानाला हात लावून पाहिला. कान होता. कानामागे त्यांची मापाची पेन्सिल होती. मग त्यांनी स्वतःशी अगदी शांतपणे ठरवलं की आपण काही पाहिलेलं नाही, आणि ही पेटी आज चार वाजता या दुकानातून जाणार.

"काय हो, तार आली का नाही?" वहिनी डिकीशी येऊन उभ्या होत्या, उजवीकडे, धूळभरल्या, हातात टॉर्च. "ओढता ओढता झोपलात की काय?"

"आली. सगळी आली," मिस्तरी म्हणाले. "तो वूफर आण जरा. वाळला असेल."

"एवढा पांढरा का पडलात?"

"डिकीत वारा नाही."

वूफर भोकावर बसवून त्यांनी आठ स्क्रू इतके घट्ट पिळले की शेवटच्याचा माथा झिजला. नंतर सीटच्या पाठीला फळी मारली, अॅम्प्लिफायरच्या चारी पायांखाली रबरी वॉशर दिले, अर्थिंगच्या जागी पत्र्यावरचा रंग लोखंड चकाकेपर्यंत खरवडला. काम नेटकं झालं. या सगळ्या वेळात त्यांनी डोकं शक्य तितकं उजवीकडे कलतं ठेवलं होतं.

६

चार वाजता बाई आल्या. मिस्तरींनी गाणं लावलं आणि पहिल्या ठोक्याला बाकावरचे वॉशर उड्या मारू लागले. बाईंनी दोन्ही हात छातीवर ठेवले.

"काका, हा तर आधीपेक्षा भारी वाजतोय."

"अॅम्प्लिफायर आता पेटीला शिवत नाही. दोघांना वेगळं ठेवलंय. सुखात नांदतील."

"तुम्ही दोघं कार्यक्रमाला येताय," बाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत. नाही म्हणायचं नाही."

मिस्तरी नाही म्हणणारच होते. पण वहिनी केस विंचरायला गेल्यासुद्धा.

मैदान माणसांनी भरलं होतं. गाडीची डिकी उघडी ठेवून ती मंचाच्या कडेला लावली होती, त्यांच्यापासून बरीच लांब. मिस्तरींनी अंतर दोनदा नजरेने मोजलं. मग पहिला ठोका पडला, चाळीस डावे पाय पुढे आले, एक मुलगा उलटा वळला आणि तसाच आनंदाने नाचत राहिला. लोक हसले. मिस्तरीही हसले. छातीत ठोका बसत होता, डावा कान पूर्वीसारखा ठार बंद होता, आणि त्यांना वाटलं, बरंच आहे. एका कानाचं आयुष्य काही वाईट नाही. पण ते लपवून जगण्याचा मात्र त्यांना एकदम कंटाळा आला.

मध्यांतरात पोशाख बदलायला मुलं आत पळाली, गाणं थांबलं. मिस्तरी उजवीकडे वळले आणि म्हणाले, "अगं, एक सांगायचंय. माझा डावा कान गेलाय. वर्ष झालं. मळ-बिळ काही नव्हता."

वहिनी शेंगदाणे सोलत होत्या. त्यांनी नाकातून हवा सोडली आणि हसल्या.

"हे मला सांगताय?"

"म्हणजे?"

"शेजारीण तुमच्या डावीकडून म्हणाली की सासरे गेले. तुम्ही म्हणालात, वा, छान. तेव्हापासून मी तुमच्या उजवीकडूनच चालते. लक्षात नाही आलं?"

मिस्तरींच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. "मग शटर?"

"शटर कशाला? ते मी तेव्हा बोलले, घाबरले होते म्हणून. गाडी मागे घेताना मी उभी राहीन, हाताने खूण करीन. झालं." त्यांनी सोललेले दाणे मिस्तरींच्या तळहातावर ठेवले. "वर्षभर एवढं ओझं एकट्याने वाहिलंत. वेडे आहात अगदी."

मिस्तरींना हुंदका आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही मिळून त्यांना दाण्याचा ठसका लागला. वहिनींनी पाठ चोळली. एवढं हलकं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं. त्याच भरात ते बोलून गेले, "पण आज डिकीत तुझं बोलणं मला डाव्या कानाने ऐकू आलं. शब्द न् शब्द. सोडू का, बस्स का, पेटी ठेवून घ्या, सगळं."

वहिनींचा पाठीवरचा हात थांबला.

"मी कुठे बोलले? महिनोन्महिने बोलतच नाही मी तार सोडताना. तुम्हाला ऐकू येत नाही म्हटल्यावर ओरडून काय उपयोग? तुमचा हिसका लागला की सोडते."

"अगं, आज बोललीस. खुर्चीच्या पायाला अडकली म्हणालीस."

"अहो, दोन्ही हातांत तार होती माझ्या, तोंडात टॉर्च होता." त्या हसत होत्या, पण त्यांच्याकडे नीट निरखून बघतही होत्या. "दातांत टॉर्च धरून कोण बोलेल?"

मंचाजवळच्या गाडीची डिकी उघडी होती. गाणं अजून सुरू झालं नव्हतं. मिस्तरींच्या डाव्या कानाशी, अगदी जवळून, वहिनींच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "मी."